शेवटचा माणूस जेवत असताना

माझ्या थोरल्या भावाला सगळे कॅप्टन म्हणतात. सैन्यात वगैरे नव्हता तो, गैरसमज नको. एका जुन्या क्लबाच्या डायनिंग हॉलमध्ये त्याने चाळीस वर्षं काढली, त्यातली पंचवीस वेटरांवर देखरेख करण्यात, आणि त्या धंद्यात वेटरांच्या मुकादमाला कॅप्टनच म्हणतात. पण त्याने ते इतकं मनावर घेतलं की घरीसुद्धा बसला की पाठ ताठ, उठला की खुर्ची आत. वहिनीही त्याला कॅप्टनच म्हणते, रागावली की जरा जास्तच. मी एकटा दादा म्हणतो. तेही गेल्या एकतीस वर्षांत कमीच म्हटलं असेन. आमचं बोलणं म्हणजे कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, एवढंच.

तर या दादाचा एक आवडता शब्द होता, ‘तिकडे’. तिकडे म्हणजे परदेशात. तो कधी गेला नव्हता, पण तिकडे कसं जेवतात आणि कसं वाढतात हे त्याला पाठ होतं. एकदा कुणी परदेशी पाहुणा क्लबात मुक्कामाला होता. जाताना तो त्याच्या देशातल्या एका नामांकित हॉटेलचं मेन्यूकार्ड खोलीत विसरून गेला. कार्डाच्या मागे त्या हॉटेलच्या जेवणघराचा फोटो. उंच कमानदार खिडक्या, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, भिंतीपाशी रांगेत उभे वेटर. दादाने त्या फोटोला चौकट करून घेतली आणि पॅन्ट्रीच्या दारावर टांगली. कुणाचं काही चुकलं की तो चौकटीकडे बोट करायचा आणि म्हणायचा, तिकडे असं चालत नाही.

त्याचे नियम मला आजही तोंडपाठ आहेत, कारण मीही त्याच्या हाताखाली सहा वर्षं वेटर होतो. चमचा टेबलाच्या कडेपासून अंगठ्याच्या एका पेरावर. ग्लास वाफेवर धरून पुसायचा, फुंकर मारून नाही. गरम पदार्थाची प्लेट आधी गरम करायची. आणि सगळ्यांत मोठा नियम, शेवटचा माणूस जेवत असेपर्यंत टेबलावरची एकही प्लेट उचलायची नाही. दादा सांगायचा, पहिली प्लेट उचलली की शेवटच्याला कळतं, सगळे माझ्यासाठी खोळंबलेत, आणि मग त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. आम्ही मान डोलवायचो आणि मागे गेल्यावर त्याच्या नकला करायचो.

एकतीस वर्षांपूर्वी क्लबात एका आजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण होतं. बारा माणसांचं टेबल माझ्याकडे. आजींचा हात थरथरायचा, एकेक घास तोंडापर्यंत न्यायला त्यांना वेळ लागायचा. बाकीच्या अकरा जणांचं कधीच आटपलं होतं. आतून स्वयंपाकी माझ्या नावाने ओरडत होता, पुढचा पदार्थ तयार आहे, गार होतोय. मी काय केलं, अकरा प्लेटी उचलल्या. भराभर उचलल्या, आवाजही होऊ दिला नाही. आजींनी इकडेतिकडे पाहिलं, काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “झालं माझं.” मी बारावीही उचलली. भरलेलीच होती.

दादा दारातून बघत होता. पॅन्ट्रीत शिरलो तर सगळ्यांसमोर त्याने माझ्या खांद्यावरचं फडकं काढून घेतलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. मला वाटलं, राग आहे, रात्रीत उतरेल. नाही उतरला. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी नवा माणूस उभा होता. सख्ख्या भावाला, नुकतं लग्न झालेल्या भावाला, एका प्लेटीपायी चारचौघांत घरी बसवलं त्याने. मी पुढे झेरॉक्सचं दुकान टाकलं, ते बरं चाललं, उपाशी काही मेलो नाही. पण ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, भेटेल त्याला सांगितली. एका प्लेटीपायी! समोरचा च्‌ च्‌ करायचा आणि मला बरं वाटायचं. दादा मात्र त्यावर कधी ब्र काढायचा नाही. मला एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, माझं चुकलं म्हणून.

दादा निवृत्त झाला तेव्हा क्लबाने ती चौकट त्याला देऊन टाकली. त्याची मुलगी लग्नानंतर परदेशात असते, नेमकी त्या फोटोतल्या हॉटेलच्याच शहरात. तिने वडिलांना बोलावलं. वहिनीचे गुडघे विमानाचं नाव काढताच दुखायला लागतात, म्हणून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, भाऊजी, तुम्ही जा सोबत, यांना एकटं कसं पाठवू. मी आढेवेढे घेतले आणि गेलो. का गेलो ते उघडच सांगतो. पुतणीने फोनवर सांगितलं होतं की फोटोतलं ते हॉटेल अजून चालू आहे आणि तिने चार महिने आधी तिथलं टेबल मिळवलंय. दादाची ‘तिकडची’ पद्धत त्याच्यादेखत तपासायची, आणि कुठे चुकतात ते दाखवायचं, एवढ्यासाठी मी तेरा तास पाय आखडून बसलो.

पुतणी गुणी पोर आहे, खोटं कशाला बोलू. पण तिला वाटलं, बाबांचं सगळं आयुष्य वाढण्यात गेलं, तर आपण त्यांना एकदम भारी भारी ठिकाणी जेवायला न्यावं. पहिलं ठिकाण एका इमारतीच्या पंचविसाव्या मजल्यावर. उंची बघून माझी भूकच मेली. खुर्च्यांना पाठ नाही, उंच स्टूल नुसते. दादा सत्तरीचा, मी पासष्टचा, आणि आम्ही दोघं पाय लोंबकळत बसलेलो. सूप आलं ते वाटीच्या तळाशी, तीन चमचे, तेही कोमट. दादाने वाटीला बाहेरून हात लावला. वाटी गार होती. मी लगेच म्हटलं, वाटी गरम केली नाही वाटतं यांनी. दादाने माझ्याकडे पाहिलंच नाही. पुतणीला सांगितलं, नजारा छान आहे हो.

दुसऱ्या ठिकाणी तर अंधारच. का म्हणे, तर वातावरणनिर्मिती. मेन्यू कागदावर नाही, मोबाइलवर, आणि माझा चष्मा जवळचा, त्यात अंधार. पुतणी वाचून दाखवत होती आणि प्रत्येक पदार्थाच्या नावात सहा-सहा जिन्नस. मी विचारलं, यात पोट भरेल असं काय आहे? ती हसली. पोट कुणाचंच भरलं नाही. घरी येऊन तिने अंडी फेटली तेव्हा कुठे जिवात जीव आला. मी झोपण्याआधी दादाला टोमणा मारलाच, काय, तिकडे असं चालतं तर. तो म्हणाला, ही नवी ठिकाणं आहेत, खरं हॉटेल वेगळं असतं. त्याच्या आवाजात मात्र क्लबातला ठामपणा नव्हता.

तिसऱ्या दिवशी, दुपारी बाराचं, त्या चौकटीतल्या हॉटेलचं टेबल. दादाने सकाळी सातलाच शर्टाला इस्त्री केली. पुतणी म्हणाली, बाबा, मी करते, तर नाही. बाल्कनीत बसून बूट चमकवले, स्वतःचे आणि न विचारता माझेही. मी म्हटलं, आपण जेवायला चाललोय, वाढायला नाही. तो म्हणाला, वाढणाऱ्याला बरं वाटतं, समोरचा नीट आला की. मी तेच बूट घालून निघालो, आभार मात्र मानले नाहीत.

हॉटेल खरंच तेच होतं. त्याच कमानी, त्याच उंच खिडक्या. दादा दारात थबकला, इतका की मागून येणारी माणसं अडली. मग आत पाहिलं तर टेबलक्लॉथ गायब. उघडी लाकडं. रांगेत उभे वेटर नाहीत, काळे बनियन घातलेली पोरंपोरी नुसती धावतायत. कानठळ्या बसवणारं संगीत. दारावरच्या मुलीने हसून सांगितलं की टेबल दोन वाजेपर्यंतच आहे, दोनला दुसरी मंडळी येणार. जेवायला बोलावून जाण्याची वेळ आधी सांगणारं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आम्ही बसलो. दादाचा अंगठा आपोआप टेबलाच्या कडेला गेला, चमच्याचं अंतर मोजायला. चमचाच नव्हता. काटा नाही, सुरी नाही, काहीच नाही. वेटर म्हणाला, समोर खण आहे, त्यात सगळं ठेवलंय, लागेल तसं आपलं आपण काढून घ्या. दादाने खण उघडला. आत काटे, चमचे, सुऱ्या एकावर एक पडलेल्या. मग त्याने एकेक वस्तू काढली आणि आमच्या तिघांसमोर नीट मांडली, अंगठ्याच्या पेराने मोजून. मी तोंड उघडणार होतो, पण त्याचा चेहरा बघून पाण्याचा ग्लासच तोंडाला लावला. त्या आधी मी कधी त्याला खजील झालेलं पाहिलं नव्हतं.

मग सुरू झाली ती नऊ पदार्थांची वरात. प्रत्येक पदार्थाआधी वेटरचं भाषण. भाषण मोठं आणि पदार्थ नखाएवढा. पहिल्या ताटलीत नदीतले गोटे, आणि त्यांवर ठेवलेला एक घास. मी गोटाच उचलला, वेटर घाईघाईने म्हणाला, तो नाही, तो नाही. दुसऱ्या पदार्थात फेस. तिसऱ्यात एक पान, आणि त्या पानाचं आजोळ कुठलं हेसुद्धा त्या पोराने आम्हाला सांगितलं. पोटात कावळे कोकलत होते आणि ऐकत बसायचं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता माझ्या.

आता एक अडचण सांगतो. माझी खालची कवळी दोन वर्षांपासून नीट बसत नाही. मला सावकाश चावावं लागतं. आणि दादा जन्माचा वेटर, वेटर माणूस पॅन्ट्रीत उभ्याने चार मिनिटांत जेवतो, ती सवय त्याची गेलेली नाही. पुतणीही ऑफिसवाली, भरभर खाणारी. त्या दोघांचं झालं रे झालं की पोरगा यायचा आणि त्यांच्या प्लेटी घेऊन जायचा. मी मध्येच. पहिल्यांदा मी मनातल्या मनात उड्या मारल्या. बघ म्हटलं दादा, बघ, हेच मी केलं होतं, आणि हे तुझ्या चौकटीतल्या हॉटेलात चाललंय. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानेही पाहिलं होतं.

पण पुढच्या पदार्थाला पुन्हा तेच. आणि त्याच्या पुढच्याला. रिकाम्या टेबलावर माझी एकट्याची प्लेट, ते दोघं हात मांडीवर घेऊन बसलेले, आणि तो पोरगा दोन पावलांवर उभा, माझ्या तोंडाकडे बघत. चावणं सुचेना. घास तोंडात फिरतोय नुसता. पुतणी म्हणत होती, काका, होऊ दे सावकाश, पण ती म्हणाली त्यानेच आणखी लाज वाटली. मी काटा ठेवला आणि त्या पोराला खुणेने सांगितलं, ने. आणि मराठीतच म्हणालो, “झालं माझं.”

म्हणालो आणि मलाच ते ऐकू आलं. तेच शब्द. आजी तसंच म्हणाल्या होत्या, अगदी याच आवाजात, कुणाला त्रास नको अशा आवाजात. त्यांची भरलेली प्लेट मी उचलली होती तेव्हा ती केवढी जड लागली होती हातांना, तेही आठवलं. एकतीस वर्षांत मी हजारदा ही गोष्ट सांगितली असेल, पण प्लेट जड होती हे कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या गोष्टीत आजी नव्हत्याच मुळी. मी होतो, दादा होता आणि एक प्लेट होती.

मग मासा आला. निदान ओळखता येईल असा एकच पदार्थ, आणि तुकडाही जरा बरा. दादाने नेहमीप्रमाणे चार घासांत संपवला. पुतणीचंही झालं. पोरगा आला, पुतणीची प्लेट उचलली, आणि दादाच्या प्लेटीला हात घालणार तोच दादाने आपला पंजा त्या रिकाम्या प्लेटीवर ठेवला. पूर्ण पंजा, पालथा.

पोराला कळेना. त्याला वाटलं, पदार्थात काही कमी-जास्त झालं. दादा क्लबातल्या इंग्रजीत त्याला म्हणाला, “माझा भाऊ जेवतोय.” आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, “सावकाश जेव.”

पोरगा गेला आणि त्यांच्या वरच्या माणसाला घेऊन आला. सूटबूट, गोड हसणं. त्याने घड्याळाकडे न बघता घड्याळाची आठवण करून दिली. अजून चार पदार्थ आहेत, दोनला पुढचे पाहुणे आहेत, आणि ज्याचं जसं होईल तसं उचलत जायचं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे, असं तो अतिशय नम्रपणे म्हणाला. मी दादाकडे बघत होतो. ज्या फोटोकडे बोट करून त्याने सगळ्यांना शहाणपण शिकवलं, ज्याच्या नावावर मला घरी पाठवलं, तो फोटोच समोर उभा राहून त्याला सांगत होता की तिकडे असंच चालतं.

दादाने पंजा काढला नाही. तो म्हणाला, “मग तुमची पद्धत चुकीची आहे.”

आवाज चढवला नाही त्याने. क्लबात चुकलेल्या वेटरला बाजूला घेऊन सांगायचा तसं सांगितलं. सूटवाला हसत राहिला आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. पुतणी टेबलाखालून मोबाइलशी चाळा करत होती, तिला बिचारीला कुठे तोंड लपवू झालं होतं. मी जेवत होतो. मासा एव्हाना गार झाला होता, आणि खरं सांगायचं तर गरम असतानाही त्याला चव नव्हती. पण मी तो शेवटच्या काट्यापर्यंत खाल्ला. चांगली दहा-बारा मिनिटं लागली. दादा ताठ बसून होता, रिकाम्या प्लेटीवर हात ठेवून. माझं झाल्यावर त्याने हात उचलला आणि पोराला मानेने खूण केली, आता घे.

उरलेले पदार्थ त्यांनी अक्षरशः आमच्यासमोर आदळले आणि उचलले. दोनला पाच कमी असताना आम्ही बाहेर होतो, उपाशी. पुतणीच्या डोळ्यांत पाणी. चार महिने आधी बुकिंग केलं होतं हो मी, म्हणत होती. मला त्या हॉटेलचा इतका संताप आला की परत आत जाऊन त्यांचे गोटे त्यांच्या डोक्यात घालावेत. दादाने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, इथे साधा पाव कुठे मिळतो? ती डोळे पुसत कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली. आम्ही दोघं बसथांब्याच्या बाकावर बसलो.

हीच वेळ होती. एकतीस वर्षांचं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तुझं तिकडे खोटं निघालं, आता तरी म्हण चुकलं म्हणून, एवढंच म्हणायचं होतं. दादा समोरच्या त्या कमानी बघत बसला होता. हात मांडीवर होते त्याचे, उजव्या पंजावर प्लेटीच्या कडेचा लाल वळ उमटलेला. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“दादा, त्या आजी त्या दिवशी उपाशीच गेल्या का रे?”

त्याने मान वळवली.

“सूप घेतलं होतं त्यांनी,” तो म्हणाला. “केक कापला, पण खाल्ला नाही. त्यांचा वाढदिवस होता.” मग म्हणाला, “एकतीस वर्षं तू जगाला सांगतोयस, एका प्लेटीपायी मी तुला काढलं. त्यांचं तू आज विचारलंस.”

माझ्या रागाला तरी आता कुठे ठेवू ते कळेना, इतक्या वर्षांची सोबत होती त्याची. डोळे भरून आले ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने टिपले. त्यानेही चुकलं वगैरे काही म्हटलं नाही, अजूनही म्हटलेलं नाही, आणि भावाला तसं चारचौघांत काढायला नको होतं हे माझं मत आजही कायम आहे.

पुतणी कागदात गुंडाळलेले तीन पाव घेऊन आली. गरम होते, हात भाजत होता. मध्ये चीज घातलेलं, बस, दुसरं काही नाही. दादाने आपला चार घासांत संपवला. कचऱ्याचा डबा त्याच्या हाताच्या अंतरावर होता, पण त्याने कागद टाकला नाही, घडी करून हातात धरून बसला. तेवढ्यात आमची बस आली. ड्रायव्हरने दार उघडून आमच्याकडे पाहिलं. माझा अर्धा पाव अजून हातात होता, म्हणून मी गडबडीने उठायला लागलो. दादाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि ड्रायव्हरला हाताने सांगितलं, तुम्ही व्हा पुढे.